पीकसंरक्षणासाठी बंदूक : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

मौदा तालुक्यात धानाच्या लोंब्यांत दूध भरू लागले की कास्तकाराची रात्रीची झोप संपते. पेंचच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या बांध्या असोत की कन्हान नदीच्या काठची जमीन असो, दिवसभर नाल्याच्या झुडपांत दडून बसलेली रानडुकरे अंधार पडताच बाहेर निघतात. ती जेवढे खातात त्याच्या कितीतरी पट तुडवितात. धान निघाल्यावर बांधीत हरभरा, लाखोळी यांसारखे कठाण पीक उभे राहते आणि तूर फुलावर येते, तेव्हा रोह्यांचे कळप येऊ लागतात. वर्षभराचे कष्ट दोनतीन रात्रींत मातीस मिळतात. अशा वेळी माळ्यावर जागल करणाऱ्या कास्तकाराच्या मनात बंदुकीचा विचार यावा, हे स्वाभाविक आहे.

परंतु बंदूक ही वखर किंवा फवारणीयंत्र यांसारखी बाजारातून आणून लगेच कामास लावण्याची वस्तू नव्हे. तिची निवड, तिचा परवाना, तिची साठवण आणि तिचा वापर या चारही गोष्टी नीट समजून घेतल्याशिवाय ती घरात आणणे म्हणजे पिकावरील संकट टाळण्यासाठी घरावर संकट ओढवून घेणे होय. विशेषतः सुटी करून लहान पेटीत मावणाऱ्या बंदुकीविषयी अनेकांस आकर्षण वाटते. शेतात नेण्यास हलकी, घरात ठेवण्यास सोयीची, कोणाच्या नजरेत न भरणारी, असा तिचा लौकिक आहे. त्यातील खरे किती व गैरसमज किती, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

सुटी होणारी रायफल मुळात कोणासाठी?

भाग वेगळे करून दस्त्यातच साठविता येणारी लहान रायफल शेतकऱ्यासाठी जन्मास आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलास एक प्रश्न पडला होता. विमान निर्जन प्रदेशात कोसळले आणि वैमानिक जिवंत राहिला, तर सुटकेची मदत येईपर्यंत त्याने पोट कसे भरावे? त्यासाठी विमानात ठेवण्याजोगी, लहान प्राणी व पक्षी मारता येतील एवढ्याच शक्तीची हलकी शस्त्रे तयार करण्यात आली. याच विचारातून युजीन स्टोनर या अभियंत्याने आखलेली 'एआर-७' ही रायफल १९५९ साली नागरी बाजारात आली. तिची नळी, यंत्रभाग व काडतुसांची पेटी हे सर्व पोकळ दस्त्यात बसते. अशी बांधलेली रायफल सुमारे ४२ सेंटीमीटर लांबीची होते आणि पाण्यावर तरंगते. तिचे वजन दीड किलोपेक्षाही कमी असून तीत पॉइंट २२ बोअरचे लहान काडतूस वापरले जाते.

वैमानिकाच्या गरजेस ही योजना चोख होती. मौद्याच्या बांधीत मात्र ती तीन कारणांनी निरुपयोगी ठरते.

पहिले कारण असे की, पॉइंट २२ ची गोळी ससा किंवा पक्षी यांच्यासाठी आहे. जाड कातडीच्या व चरबीच्या रानडुकरास ती बहुधा मारीत नाही, केवळ जखमी करते. जखमी डुक्कर झुडपात दडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेतात येणाऱ्या बाईमाणसावर धावून जाते. दुसरे कारण असे की, ही गोळी लहान असली तरी एक मैलाहून अधिक दूर जाऊ शकते. सपाट धानपट्ट्यात एका मैलात किती माळे, किती जागले आणि किती वस्त्या येतात, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या शिवारापुरता करून पाहावा. तिसरे कारण कायद्याचे आहे. पॉइंट २२ रायफलीचा उल्लेख शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे खरा. परंतु तो रायफल क्लबच्या सदस्याने निशाणबाजीच्या सरावासाठी वापरावयाची रायफल म्हणून आहे, पीकसंरक्षणाचे साधन म्हणून नाही.

कायद्याने कास्तकारास काय दिले आहे?

इंग्रजी अमदानीत १८७८ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम करण्यात आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या अधिनियमाने पीकसंरक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे. प्रामाणिकपणे पिकाच्या राखणीसाठी कास्तकारास ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना त्यास देता येतो. काडतुसाची एकनळी बारा बोअर बंदूक या प्रकारात मोडते.

या तरतुदीत कास्तकाराच्या हिताचा विचार आहे. गुळगुळीत नळीतून सुटणारे छर्रे जवळच्या अंतरावर जोरदार असतात. मात्र रायफलीच्या गोळीच्या मानाने त्यांचा जोर लवकर ओसरतो. दाट वस्तीच्या शिवारात हा मोठाच गुण होय. तरीही बारीक छर्रे दोनशे मीटरांहून दूर व मोठे छर्रे त्याहीपेक्षा पुष्कळ दूर जातात, हे विसरून चालणार नाही.

तीन भागांत सुटणारी आपली बंदूक

सुटी होणारी बंदूक हवी म्हणून परदेशी रायफलीकडे पाहण्याची गरजच नाही. आपल्याकडील साधी एकनळी काडतुसाची बंदूक मुळातच तीन भागांत सुटते : नळी, नळीखालचा लाकडी भाग, आणि चाप व घोड्यासह दस्ता. खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि तिच्या मागील तोंडात काडतूस बसते. नळीखालचे लाकूड काढले की नळी बिजागरीतून सहज मोकळी होते. यास कोणतेही हत्यार लागत नाही.

या रचनेचा खरा लाभ लपविण्यात नसून सुरक्षिततेत आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे एकदा ठासले की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. रात्री ठासलेली आणि न उडविता सकाळी खुंटीस टांगलेली बंदूक कित्येक दिवसांनी लेकराच्या हाती लागून उडू शकते. शिवाय दारू दमट झाली की चाप ओढल्यावर बार लगेच न उडता काही क्षणांनी उडतो, आणि तोपर्यंत माणूस नळीत डोकावून पाहत असतो. काडतुसाची बंदूक उघडली की ती रिकामी असल्याचे स्वतःच्या डोळ्यांस दिसते आणि शेजारच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसासही दिसते. म्हणूनच धुरा किंवा नाला ओलांडताना, बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर बसताना, माळ्यावर चढताना व उतरताना काडतूस काढून बंदूक उघडी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ज्याची बंदूक उघडी दिसते त्याची शेजाऱ्यास भीती वाटत नाही.

दुसरा लाभ साठवणीचा आहे. भाग वेगळे करून नळी एका कुलपात व दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवल्यास एकाची चावी चुकून कोणाच्या हाती पडली तरी बंदूक तयार होत नाही. काडतुसे याहून निराळ्या कुलूपबंद डब्यात असावीत. चाव्या परवानाधारकाच्या स्वतःच्या जवळ असाव्यात. देव्हाऱ्यात, उतरंडीमागे किंवा सर्वांस ठाऊक असलेल्या कोनाड्यात नसाव्यात.

सुटा भाग म्हणजेही शस्त्र

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नळी वेगळी, दस्ता वेगळा, मग बंदूक राहिलीच कोठे, असे काहींस वाटते. अधिनियमाच्या व्याख्येत मात्र शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. म्हणून केवळ नळी दुरुस्तीसाठी भाच्याच्या हाती देणे, शेजारच्या गावी पाहुण्याकडे दस्ता ठेवणे किंवा पिशवीत भाग घालून परवान्याशिवाय बसने प्रवास करणे, हे सर्व पूर्ण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्याइतकेच गंभीर ठरू शकते.

त्याहून मोठी चूक म्हणजे नळी कापून बंदूक आखूड करणे. माळ्यावर हाताळण्यास किंवा पिशवीत नेण्यास सोपी व्हावी म्हणून कोणी गावच्या लोहाराकडून नळी कापून घेईल, तर त्याने कलम ६ चा भंग केला असे होते. हा अपराध अत्यंत गंभीर मानला जातो व त्यास दीर्घ कारावासाची शिक्षा आहे. कापणाराही त्यातून सुटत नाही. दुरुस्तीदेखील परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. नळी आणि मागील भाग यांच्या सांध्यातून उजेड दिसू लागला किंवा नळी बसविल्यावर हलू लागली, तर ती बंदूक उडवू नये.

परवाना मिळविण्याची वाट

ग्रामीण भागात परवान्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्याकडे असतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. पोलिसांकडून त्याच्या वर्तणुकीची चौकशी होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था असल्याचेही दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली आहे. मुदत संपण्याची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी. मुदत संपलेला परवाना म्हणजे परवाना नसण्यासारखेच होय.

अर्जासोबत पिकाच्या नुकसानीचा पुरावा जोडल्यास गरज सिद्ध होण्यास मदत होते. पूर्वी झालेल्या नुकसानीचे पंचनामे, सातबारा, शेताचा नकाशा आणि शेतापासून वनाचे किंवा नाल्याच्या झुडपांचे अंतर ही माहिती व्यवस्थित मांडावी. ज्याने कधी नुकसानीची तक्रारच नोंदविली नाही, त्यास बंदुकीची गरज पटवून देणे अवघड जाते.

मौदा तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उमरेड, कुही, भिवापूर व पवनी या भागांत २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य स्थापन झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि जुन्या परवानाधारकांस आपली नोंद करावी लागते. आपले गाव या अंतरात येते किंवा नाही, याची खात्री अर्जापूर्वीच वन कार्यालयातून करून घ्यावी.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाची बंदूक घरात असेल, तर परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती आपोआप मुलाची होत नाही. ती विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत हे काम राहून जाते, आणि काही वर्षांनी निर्दोष कुटुंबावर बेकायदा शस्त्राचा ठपका येतो. अशा घरी गावातील कार्यकर्त्याने आपण होऊन जाऊन ही गोष्ट समजावून सांगावी.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

ही ओळ प्रत्येक परवानाधारकाने पाठ करावी. रानडुक्कर व रोही ही दोन्ही जनावरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत. उभ्या पिकास धोका निर्माण झाला असेल, तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्यांच्या पारधीची अनुमती देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने रोही व रानडुक्कर यांच्याबाबत अशा अनुमतीची कार्यपद्धती २०१५ साली ठरवून दिली. त्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करावयाचा असतो. लेखी आदेश हाती आल्याशिवाय जनावरावर बार टाकू नये, आणि आदेशातील अटींपलीकडे जाऊ नये. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावाने केलेली कृती कायद्याने क्षम्य आहे. परंतु तिची खबर तत्काळ द्यावी.

माळ्यावरील नियम

अंधारात पीक हलले किंवा आवाज आला म्हणून बार टाकणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. त्या आवाजामागे शेजारचा जागल्या असू शकतो, पाणी फिरविण्यास आलेला मजूर असू शकतो, किंवा वाट चुकलेले वासरू असू शकते. बॅटरीच्या उजेडात जनावर स्पष्ट दिसावे, ते ओळखता यावे आणि त्याच्या मागे काय आहे हेही कळावे. या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय बोट चापावर जाऊ नये. कोणाचा माळा कोठे आहे, हे परवानाधारकाने दिवसाउजेडी फिरून पाहून ठेवावे. मद्य घेतलेल्याने बंदुकीस हात लावू नये. केवळ भीती दाखविण्यासाठी हवेत उडविलेले छर्रेही कोठेतरी खाली येतात.

काडतुसांविषयी दोन सूचना प्राणरक्षक आहेत. बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचे काडतूस कधीही घालू नये. ते नळीत पुढे सरकून अडकते, मागे दुसरे काडतूस बसते आणि बार उडताच नळी फुटते. तसेच जुन्या बंदुकीची काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची असल्यास तीत ७० मिलिमीटरचे काडतूस वापरू नये.

पावसाळ्यातील निगा

मौद्यासारख्या दमट धानपट्ट्यात बंदुकीचा पहिला शत्रू गंज हा होय. बार टाकल्यानंतर त्याच दिवशी नळी गजाने व कोरड्या फडक्याने स्वच्छ करावी आणि आतून बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवावा. कातडी म्यानात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवलेली बंदूक ओल धरते. नळीचा दुसरा शत्रू चमत्कारिक वाटेल, पण तो घरोघरी आढळतो. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात चिखलाचे घर बांधते. अशी बुजलेली नळी उडविल्यास ती चिरफळते. म्हणून भाग जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी. बंदूक तीन भागांत सुटते म्हणूनच ही तपासणी क्षणाचे काम ठरते.

बंदुकीशिवायची राखण

बंदूक असूनही राखण संपत नाही. रानडुकरे कळपाने फिरतात. एका शेतातून हाकलली तर शेजारच्या शेतात शिरतात. म्हणून एकट्याच्या बंदुकीपेक्षा शिवाराची सामुदायिक जागल, पाळीपाळीने पहारा, नाल्यालगतच्या झुडपांची सफाई, काटेरी किंवा जाळीचे कुंपण आणि मंजूर यंत्राने झटका देणारे सौर कुंपण यांचा एकत्रित उपयोग अधिक टिकाऊ ठरतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो व जनावर दूर पळते. मोटारपंपाच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणे मात्र घोर अपराध आहे. अशा तारांनी विदर्भात वाघांसारखे वन्यप्राणी आणि खुद्द कास्तकारही मृत्युमुखी पडले आहेत. ज्या रात्री तार लावली जाते त्या रात्री ती कोणाची वाट पाहत आहे, हे लावणारासही ठाऊक नसते.

नुकसान झाल्यास शेत न आवरता वन कार्यालयास लगेच कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि महसूल, वन व कृषी कर्मचाऱ्यांकडून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाईचा अर्ज तर त्यामुळे होतोच. शिवाय पुढे परवाना किंवा पारधीची अनुमती मागताना हाच कागद कामास येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

कार्यकर्त्याने गावातील परवानाधारकांची बैठक हंगामापूर्वी एकदा घ्यावी. प्रत्येकाच्या परवान्याची मुदत तपासावी, बंदुकीची साठवण कशी आहे ते विचारावे, दिवंगत परवानाधारकांच्या घरी शस्त्र जमा झाले किंवा नाही याची चौकशी करावी, आणि माळ्यांच्या जागा सर्वांस सांगून ठेवाव्यात. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाल्यास तो सर्वांपर्यंत पोहोचवावा व त्या काळात जागल अधिक माणसांनी कशी करता येईल याची योजना आखावी.

बंदूक कितीही लहान झाली, कितीही भागांत सुटली, तरी ती धरणाऱ्याची जबाबदारी लहान होत नाही. कन्हानकाठच्या बांधीतील धान वाचले पाहिजे यात संशय नाही. ते धान खाणारी माणसेही सुखरूप राहिली पाहिजेत. सकाळी माळ्यावरून उतरताना काडतूस खिशात, नळी मोकळी आणि शेजारचा जागल्या आपल्या माळ्यावरून हात उंचावीत असलेला दिसावा. ती राखण यशस्वी झाली असे समजावे.